गार इंजिन

मयिलसामीला आपल्या बायकोचा हेवा वाटू लागला होता. शेजाऱ्याचा वाटला असता तर निभावलं असतं. शेजाऱ्याचा हेवा चारचौघांत बोलून दाखवता येतो, चहाच्या टपरीवर दोन माणसं माना डोलावतात, मन हलकं होतं. बायकोचा हेवा वाटणाऱ्याने कुठे जावं? देवळात जाऊन सांगायचं म्हटलं तर मुरुगनस्वामी स्वतः दोन बायकांचा धनी, तो काय ऐकून घेणार! तेव्हा मयिलसामीने तो हेवा गिळला, आणि गिळलेली गोष्ट पोटात जे करते ते त्या हेव्याने करायला सुरुवात केली.

कोइमतूरहून मरुदमलैच्या डोंगराकडे जाताना वडवळ्ळीत त्याचं गॅरेज. तीस वर्षं झाली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटायचा, आणि कुठला व्हॉल्व्ह वाजतोय ते सांगायचा. पंचक्रोशीत त्या कानाचं नाव होतं. पुढे गाड्यांत कॉम्प्युटर आले, बिघाड झाला की समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागू लागला, आणि त्या दिव्याचं म्हणणं कानाला ऐकू येईना. मयिलसामीने एक जुना स्कॅनर विकत आणला. त्याच्या पडद्यावर सगळं इंग्रजी. मग गॅरेजात बिलं लिहायला बसणाऱ्या बायकोला, वसंतामणीला, तो म्हणाला, "तू बारावी झालीस ना? जरा अक्षरं वाचून दाखव."

तिथे चुकलं बघा. वाचून दाखव म्हणाला, समजून घे असं कुठे म्हणाला होता? पण लग्नाआधी आठ वर्षं सूतगिरणीच्या ऑफिसात हजेरीचे तक्ते सांभाळलेली ती बाई. आकडा दिसला की त्याच्या मागचा-पुढचा आकडा शोधल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. तिने वही सुरू केली. कुठल्या गाडीला कुठला कोड, तेव्हा ऊन होतं की पाऊस, शेवटी काय निघालं, सगळं टिपलं. दोन वर्षांत अशी वेळ आली की गाडीवाले गॅरेजसमोर थांबायचे, काच खाली करायचे, आणि दारात बनियनवर उभ्या असलेल्या मयिलसामीलाच विचारायचे, "अक्का आहेत का?"

"आहेत," तो म्हणायचा. "आतमध्ये आहेत, अवतार घेऊन बसल्यात."

लोक हसायचे. हा विनोद आहे असं त्यांना वाटायचं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीची आयुध पूजा होऊन आठवडा झाला असेल, डॉक्टर मरगदम यांची पांढरी गाडी आली. डॉक्टरअम्मा जनावरांच्या. पहाटे पाचला घरून निघायच्या, तोंडामुत्तूरकडच्या गोठ्यांतून फिरत दुपारी परतायच्या. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. मयिलसामीच्या हाताशिवाय दुसऱ्या हाताने त्यांच्या गाडीचं बॉनेट कधी उघडलं नव्हतं, आणि हे त्या स्वतः सगळ्यांना सांगायच्या. असं एखादं गिऱ्हाईक असलं की माणूस बाकीच्यांचं 'अक्का आहेत का' सहन करू शकतो.

"मेस्त्री, हा तुमचा पिवळा दिवा मला वेड लावणार," उतरता उतरता त्या म्हणाल्या. "पहाटे लागतो. तीन-चार गोठे होईपर्यंत विझतो. तुमच्या दारात आणावं तर हा असा, जसं काही झालंच नाही."

"बघू या की अम्मा. इंजिन चालू करा."

स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. इंजिन सुरेल चाललं होतं. मयिलसामीने प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, गाडी पाठवून दिली. दोन दिवसांनी दिवा पुन्हा. त्याने टाकीचं झाकण बदललं, वायरी तपासल्या, पाठवून दिली. चार दिवसांनी पुन्हा.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरअम्मा गाडीतून उतरल्याच नाहीत. काच खाली केली आणि विचारलं, "मेस्त्री, अक्का आहेत का?"

मयिलसामीच्या कानशिलात कुणी लगावली असती तर बरं वाटलं असतं. त्याने आत पाहिलं. वसंतामणी टेबलाशी बसून टोमॅटोभाताचा डबा खात होती, आणि तिने ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, शेखी नव्हती, काहीसुद्धा नव्हतं. तेच त्याला जास्त लागलं. थोडी तरी मिरवली असती तर भांडता आलं असतं.

तिने हात धुतले, स्कॅनरची वायर स्टिअरिंगखाली जोडली, आणि वही उघडली.

"हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची तक्रार आहे," ती म्हणाली. "दिवा विझला तरी आत नोंद राहते, डॉक्टरअम्मा. दिवा लागला त्या क्षणी गाडी काय करत होती तेही राहतं. हे बघा, इंजिनाचं पाणी सव्वीस अंश. हे आधीचं, मी तेव्हा उतरवून घेतलं होतं, अठ्ठावीस. त्याआधी चोवीस."

"तू कधी उतरवून घेतलंस?" मयिलसामीने विचारलं.

"तुम्ही प्लग बदलत होतात तेव्हा."

"म्हणजे काय झालं?" डॉक्टरअम्मांनी विचारलं.

"म्हणजे इंजिन गार असतानाच लागतो. एकदा तापलं की कधीच नाही. मला ही गाडी पहाटे गार हवी. इथेच राहू दे."

"गोठ्यातच खोकणारी आणि दवाखान्यात गप्प राहणारी गाय असते एखादी," डॉक्टरअम्मा म्हणाल्या. "तिला मी पण ठेवूनच घेते. किती दिवस?"

वसंतामणी बोलायच्या आधी मयिलसामी बोलला. "तीन दिवस. तीन दिवसांत हिच्या यंत्राला नाही सापडलं तर ते यंत्र कपाटात, आणि ही बिलाच्या वहीवर. मान्य आहे का विचारा तिला."

हसत हसत म्हणाला, पण डॉक्टरअम्मा हसल्या नाहीत. त्यांनी वसंतामणीकडे पाहिलं. ती वायर गुंडाळत होती.

"मान्य आहे," ती म्हणाली.

डॉक्टरअम्मा मयिलसामीची जुनी व्हॅन घेऊन गेल्या. त्या रात्री वसंतामणी शांत झोपली आणि मयिलसामी छताकडे बघत पडून राहिला. तिला सापडणार हे त्याला ठाऊक होतं. त्याच ठाऊक असण्याचा त्याला राग येत होता. तीस वर्षं तेलात बोटं बुडवून जे कमावलं ते या बाईने एका वहीत, निळ्या शाईने, डबा खाता खाता उचलून नेलं. डॉक्टरअम्मासुद्धा नेल्या. उरलं काय? टायर बदलणं उरलं.

घर गॅरेजच्या मागच्या गल्लीत. दूध आणायला रोज तोच जायचा, त्यामुळे पहाटे पाचला त्याला उठताना पाहून कुणी भुवई उंचावणारं नव्हतं. देवळाच्या भोंग्यावर भक्तिगीतं लागली होती. त्या आवाजात गॅरेजचं शटर वर गेलेलं शेजारच्या कुत्र्यालाही कळलं नाही. मयिलसामीने डॉक्टरअम्मांची गाडी सुरू केली आणि दहा मिनिटं तशीच चालू ठेवली. हातात दुधाची रिकामी किटली घेऊन तो शेजारी उभा राहिला, मधूनमधून उघड्या दारातून पाय आत घालून पेडल दाबलं, आणि तापमानाचा काटा वर चढताना पाहत राहिला. पन्नाशी उलटलेला माणूस, दोन मुलींची लग्नं करून दिलेला. आपण काय करतोय हे त्याला चांगलं कळत होतं. लाज वाटत होती, आणि लाज वाटत असतानाच पेडल दाबत होता.

मग त्याने गाडी बंद केली, वरचा पत्रा गार व्हावा म्हणून बॉनेट थोडा वेळ उघडं ठेवलं, ओल्या फडक्याने पुसलं, मिटलं, शटर ओढलं आणि दूध घेऊन घरी गेला. दूध घेताना त्याने दूधवाल्याला उगाचच त्याच्या म्हशींची खुशाली विचारली.

सव्वासहाला वसंतामणी आली. तिने बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. मयिलसामी पान्यांची पेटी लावत होता, म्हणजे एकाच पान्याला पुसत होता. तिने किल्ली फिरवली, दिवा लागला नाही. तिने स्कॅनर जोडला आणि पडद्याकडे पाहिलं. पाहतच राहिली. एरवी ती आकडा बघायची आणि लिहून टाकायची. आज पेन वहीवर टेकवून ती बराच वेळ तशीच बसली.

"काय ग, काय म्हणतंय यंत्र?" त्याने विचारलं. स्वतःचा आवाज त्याला जरा पातळ वाटला.

"आज राहू दे," ती म्हणाली.

"सापडलं नाही वाटतं?"

"आज राहू दे म्हटलं ना."

दिवसभर मयिलसामी शिट्टी वाजवत होता. एका रिक्षाचा क्लच त्याने असा काही बसवला की रिक्षावाल्याने हात जोडले. दुपारी जेवायला बसल्यावर त्याने वसंतामणीच्या हातच्या डाळभाताचं कौतुक केलं, दोनदा मागून घेतला. जिंकणारा माणूस किती प्रेमळ होतो! तिने वाढलं. रात्री झोपताना मात्र त्याने पाहिलं की डॉक्टरअम्मांच्या गाडीची किल्ली खिळ्यावर नव्हती. ती वसंतामणीच्या पदराच्या टोकाला बांधलेली होती, आणि तो पदर तिने अंगाखाली घेतला होता.

हिला कळलं की काय? पण कळलं असतं तर बोलली असती. कुठली बाई असं पोटात ठेवते? किल्ली हरवू नये म्हणून बांधली असेल, असं त्याने स्वतःला तीनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदाही पटलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे दोघं बरोबरच गॅरेजात आले. तिने गाडी सुरू केली. दिवा लागला नाही. मयिलसामीने श्वास सोडला. तेवढ्यात ती म्हणाली, "डॉक्टरअम्मांची गाडी रात्रभर उघड्यावर असते. दव पडतं. इथे पत्रा आहे." आणि पिशवीतून कपड्यांना इस्त्री करताना पाणी फवारायची बाटली काढली.

एकेका वायरीच्या कपलरवर, म्हणजे जोडावर, तिने दोन-दोन फवारे मारायला सुरुवात केली. मारायची, पन्नास आकडे मोजायची, फडक्याने टिपायची, पुढच्या कपलरवर जायची. मयिलसामी हाताची घडी घालून उभा होता. मनात देवाला म्हणत होता की आज नको, नंतर केव्हाही सापडू दे, आज नको. पाचव्या कपलरवर, हवेच्या नळीवर बसवलेल्या त्या दाबाच्या सेन्सरपाशी, तिने पाणी मारलं आणि चाळीसपर्यंत मोजलं असेल. इंजिन एकदा अडखळलं, आणि आत पिवळा दिवा लागला.

तिने बोटाने कपलर हलवला. इंजिन पुन्हा अडखळलं. गाडी बंद करून तिने कपलरची खुंटी दाबली, तो ओढून काढला आणि उजेडात धरला.

आत चंदन होतं. वाळून पापडी झालेलं चंदन, त्यावर कुंकवाचा लाल डाग, आणि पितळी टोकांना हिरवा गंज चढलेला. रबराची गोल चकती एका बाजूला दुमडून राहिली होती.

मयिलसामीला सगळं लख्ख आठवलं. आयुध पूजेला रोजच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या गॅरेजात यायच्या. केळीचे खुंट बांधायचे, कोहळा फोडायचा, चुरमुरे वाटायचे, आणि प्रत्येक गाडीच्या इंजिनाला मालकाने, म्हणजे मयिलसामीने, आपल्या हाताने चंदन-कुंकू लावायचं. डॉक्टरअम्मांच्या गाडीला तर त्याने नेहमीप्रमाणे जास्तच लावलं होतं, सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणून. लावताना हा कपलर त्याला सैल वाटला. त्याने तो काढला, फुंकर मारली, आणि त्याच ओल्या अंगठ्याने घट्ट दाबून परत बसवला. मग नमस्कार केला. दव पडलं की ते चंदन भिजायचं आणि एका टोकाची वीज दुसऱ्याला द्यायचं. इंजिन तापलं की सुकून गप्प बसायचं.

वसंतामणीने त्याच्याकडे पाहिलं. तिलाही त्या दिवसाचं आठवत होतं, कारण चंदनाची वाटी तिनेच धरली होती.

बाहेर व्हॅन थांबली. डॉक्टरअम्मा पायात चिखलाचे बूट तसेच घेऊन आत आल्या. "काय, सापडली का माझी गाय?"

"सापडली," वसंतामणी म्हणाली. बोलता बोलता तिने कपलर फडक्यात घेतला आणि स्वच्छ पुसायला लागली. "कपलरचं रबर जुनं झालं होतं. ओल आत जायची. नवीन बसवते."

बस, एवढंच. अंगठ्याचं नाव नाही, चंदनाचं नाव नाही. नवऱ्याची अब्रू तिने एका फडक्यात गुंडाळली आणि खाली ठेवली.

दुसरा कुणी असता तर त्याने मनातल्या मनात तिचे पाय धरले असते. मयिलसामीच्या अंगाचा तिळपापड झाला. हुशार तर होतीच, आता मोठ्या मनाचीही झाली! तेही हिनेच घ्यायचं? माझ्याकडे काय ठेवायचं हिने? डॉक्टरअम्मा "शाब्बास अक्का" म्हणत होत्या, आणि तो एकदम पुढे झाला.

"रबर जुनं नव्हतं, अम्मा. माझं चंदन होतं ते."

"काय?"

"पूजेचं. मीच कपलर काढला आणि चंदनाच्या बोटाने बसवला. माझ्या अंगठ्याने तुमची गाडी आजारी पाडली."

डॉक्टरअम्मा इतक्या मोठ्याने हसल्या की समोरच्या टपरीवरची माणसं वळून बघू लागली. "म्हणजे भक्तीने बंद पाडली! अहो मेस्त्री, तुमच्यासारखा माणूस नाही हो. कोण कबूल करतं असं आजकाल? मोठ्या वर्कशॉपात गेले असते तर चार पार्ट बदलून पाठवलं असतं मला." त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "वीस वर्षं उगाच नाही येत मी इथे."

वसंतामणी नवीन चकती बसवत होती. डॉक्टरअम्मा गाडी घेऊन निघाल्या तेव्हा हात त्यांनी मयिलसामीला केला.

पुढचे दहा-बारा दिवस मयिलसामीचे होते. डॉक्टरअम्मांनी गोठ्यागोठ्यांत गोष्ट सांगितली, आणि लोक ती मूळ माणसाच्या तोंडून ऐकायला येऊ लागले. मयिलसामीने ती रंगवली. अंगठा वर करून दाखवायचा, फुंकर मारून दाखवायचा, नमस्काराला डोळे मिटायचा. गाडीच्या आत बसून मुरुगन कसा म्हणतो, "अरे मयिला, मला इथे कशाला डांबलंस, बाहेर काढ," तेही करायचा. लोक पोट धरून हसायचे. कुणी विचारायचं नाही की चंदन सापडलं कसं, आणि तो सांगायचा नाही. रोज संध्याकाळी वसंतामणी वहीत काहीतरी लिहायची आणि वही बंद करायची. घरी ती पूर्वीसारखीच वागत होती, फक्त किल्ल्या आता खिळ्यावर राहत नव्हत्या.

एका सोमवारी डॉक्टरअम्मा एका पाहुण्याला घेऊन आल्या. पोळ्ळाचीकडच्या सरकारी दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर, सुब्बैयन नावाचे, उंच, घाईतले. टपरीवरून चहा आला. वसंतामणी एका टॅक्सीच्या बॉनेटखाली वाकून काम करत होती. मयिलसामीने सुब्बैयनना गोष्ट सांगितली, अंगठा दाखवला, मुरुगनचा आवाज काढला. सुब्बैयन मनापासून हसले.

"याच दिव्याचं दुखणं आमच्या जीपला आहे," ते म्हणाले. "लागतो, विझतो. इथेच आणली असती."

"आणा की," मयिलसामी म्हणाला.

"अहो पण मरगदम मॅडम म्हणतात तीन दिवस लागले. जीप सरकारी आहे, मला एक दिवसापेक्षा जास्त सोडता येत नाही. साथ चालू आहे तिकडे, गुरं मरतायत." त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "शहरातल्या वर्कशॉपात नेतो."

"अक्का शोधतात बरोबर," डॉक्टरअम्मा आवाज थोडा खाली आणून म्हणाल्या, "पण जरा सावकाश आहेत. आपलं खरं ते सांगावं. शिकतील हळूहळू."

आवाज खाली आणला तरी गॅरेज केवढंसं ते. टॅक्सीच्या बॉनेटखालचा पाना थांबला. एकच क्षण थांबला, आणि पुन्हा फिरू लागला.

मयिलसामीने त्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. आता फक्त गप्प बसायचं होतं. काही करायचं नव्हतं, कुठलं इंजिन तापवायचं नव्हतं. 'सावकाश' हा शब्द वडवळ्ळीभर आपला आपण फिरला असता, आणि दोन महिन्यांत लोकांनी 'अक्का आहेत का' विचारणं सोडलं असतं. दोन वर्षं त्याने जे मागितलं ते समोर चालून आलं होतं, चहाच्या पेल्यासकट. तो गप्प बसला. सुब्बैयन उठले, "येतो मेस्त्री" म्हणाले.

ती काहीतरी म्हणेल म्हणून तो वाट पाहत होता. ती म्हणाली असती तर तो भांडला असता, खोटंही बोलला असता. ती काहीच म्हणाली नाही. पान्याचा आवाज तेवढा येत राहिला, एका लयीत, न चुकता. तीस वर्षं आवाज ऐकणारा माणूस तो. हा हात सावकाश नाही, हे त्याला डोळे मिटूनही कळत होतं.

"सर, थांबा," मयिलसामी म्हणाला.

सुब्बैयन वळले.

"तीन दिवस तिला नाही लागले. दुसऱ्या दिवशीच सापडलं असतं. तिला गार इंजिन हवं होतं. मी पहाटे पाचला येऊन इंजिन तापवून ठेवलं."

"कशासाठी?" डॉक्टरअम्मांनी विचारलं. यात काहीतरी गाड्यांचं शास्त्र असेल अशा आवाजात विचारलं.

मयिलसामीने अंगठा पुसला, फडकं खांद्यावर टाकलं, परत काढलं. "तिला सापडू नये म्हणून. जळत होतो मी तिच्यावर. तुम्ही सगळे येऊन अक्का कुठे आहे विचारता. मी इथे उभा असतो, अम्मा. इथेच उभा असतो."

या वेळी कुणी हसलं नाही. डॉक्टरअम्मांनी पदर सारखा केला आणि रस्त्याकडे पाहिलं. सुब्बैयन एकदा नवऱ्याकडे, एकदा बायकोच्या पाठीकडे बघत राहिले. चंदनाची चूक सांगताना मयिलसामीची छाती फुगली होती. आता त्याला आपल्या बनियनला पडलेलं भोक दिसत होतं, आणि ते सगळ्यांनाच दिसतंय असं वाटत होतं.

"बासष्ट," बॉनेटखालून आवाज आला.

"काय?"

"बासष्ट अंश होतं. बॉनेट पुसलंत, आतलं पाणी कसं पुसणार?" वसंतामणी वाकलेलीच होती. "सर, जीप उद्या संध्याकाळी आणा. रात्रभर इथे राहील. परवा सकाळी आठला घेऊन जा."

"आठला नक्की?"

"गार मिळाली तर साडेसातला."

सुब्बैयननी डॉक्टरअम्मांकडे पाहिलं. डॉक्टरअम्मांनी मान हलवली. दोघं निघून गेली, आणि जाताना या वेळी कुणी कुणाच्या पाठीवर थाप मारली नाही.

मयिलसामी टॅक्सीजवळ गेला. "तुला त्याच दिवशी कळलं होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमची लाज कशी काढू?" ती म्हणाली. "आणि तुम्ही कधी बोलताय ते बघत होते. बारा दिवस लागले. सावकाश आहात जरा."

तो हसला नाही. हसू येण्यासारखं काही त्याच्या आत शिल्लक नव्हतं. समोर तिचे हात होते, कोपरापर्यंत काळे, आणि ती ज्या बोल्टला भिडली होती तो कसा सुटणार हे तिला नीट ठाऊक होतं. त्याला वाटलं होतं की सांगून टाकलं की आतलं सगळं निघून जाईल. निघून गेलं नव्हतं.

"अजून जळतो मी," तो म्हणाला.

"माहीत आहे," वसंतामणी म्हणाली. "जळायचं तर जळा, पण जरा बाजूला उभे राहा. माझा उजेड अडतोय."